इंजिनाचं शेवटी लिहितो

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

पुणे रस्ता, संगमनेर
२६ डिसेंबर १९७३

आदरणीय आसारामभाऊ यांना धाकटा साडू कानिफनाथ याचा वाकून नमस्कार. हा नमस्कार संगमनेरहून राहात्याच्या दिशेला तोंड करून, टेबलावरून उठून, खरोखरीचा घातलेला आहे. तुमची मेहुणी साळू साक्षीला आहे. इकडे आम्ही सगळे खुशाल. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, पण हिरवी पट्टी अजून सुटायची आहे आणि तोवर वाचायची, उन्हात फिरायची नि रागवायची मनाई आहे, असं एस. टी.च्या कंडक्टरकडून समजलं. (राहात्याकडचा एकही कंडक्टर मला वर्तमान सांगितल्याशिवाय स्टँड सोडत नाही.) डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पाळावं, विशेषतः शेवटचं. पेरूची पाटी पोचली. असे पेरू तालुक्यात दुसऱ्या कुणाच्या बागेत नाहीत, आणि ते पाटीत लावावेत ते छबूआक्कांनीच, एकालाही डाग नव्हता. आक्कांच्या हाताला तोड नाही हे मी नेहमीच म्हणतो. साळूला विचारा, ती या बोलण्यावरून माझ्याशी भांडते.

मागच्या पत्रात तुम्ही सुरुवातीला इंजिनाची चौकशी केलीत, मध्ये केलीत, आणि सही झाल्यावर कोपऱ्यात आडवं लिहूनही केलीत. गव्हाला पाणी हवंय, विहीर तुडुंब आहे, आणि रिंगा बदलायला म्हणून कानिफच्या शेडमध्ये गेलेलं इंजिन काही परत येत नाही, ही तक्रार अगदी वाजवी आहे. रिंगा बदलल्या. इंजिन ठणठणीत आहे. जन्मात इतकं ठणठणीत नव्हतं. त्याचं सविस्तर शेवटी लिहितो. आधी हकीकत ऐका, कारण भाऊ, हकीकतच तशी आहे!

आमच्या ‘नंदी’ची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवता बसवता मी विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायला शिकलो, आणि ती दुरुस्त करता करता एक दिवस मनात आलं, की हे इंजिन एका जागी बसून पाणी ओढतं, तर त्याला चाकं लावल्यावर माल का ओढणार नाही? त्यातून ही तीनचाकी झाली. पुढं एकच चाक, त्यामुळं प्रत्येक खड्ड्याला मान डोलावते, म्हणून नाव नंदी. ब्रेकला मात्र मी मुद्दाम पायाचं पेडल ठेवलेलं नाही. दोरी ठेवलेली आहे. आपला गाडीवान अडचण आली की पाय दाबत नाही, कासरा ओढतो. जन्माची सवय एका दिवसात कशी सुटणार? म्हणून नंदी थांबवायचा तर कासरा ओढायचा. (पुण्याचे एक इंजिनियर यावर पोट धरून हसले होते. त्यांचं हसणं लक्षात ठेवा.) पण दसऱ्यापासून शेड बंद. पत्रा मिळेना, पत्र्याचा परवाना त्याहून मिळेना, आणि पेट्रोलचा भाव भडकल्यापासून डिझेलवर चालणारा नंदी मागायला गिऱ्हाईक दारात उभं, तर आमच्याकडं नमुन्याचा एकुलता एक नंदी आणि एक अर्धवट जोडलेला. पोरं बसून. गोरक्ष मिस्त्री तर उसाच्या टोळीबरोबर जायच्या गोष्टी बोलायला लागला.

अशात माझ्या दोन कानांवर दोन गोष्टी आल्या. डाव्या कानावर आली ती स्टँडसमोरच्या हॉटेलात. तिथं शेजारच्या बाकड्यावर दोन सरकारी कारकून भजी खात बोलत होते, की सरकारनं आजारी कारखान्यांना हात द्यायला समिती नेमली आहे, पण साहेब फार कडक. कारखाना खरोखर बसलेला दिसला तरच मदत, धूर दिसला की गाडी वळवून परत. उजव्या कानावर आली ती पोस्टात. तिथल्या ट्रंक कॉलच्या खोलीचं दार पावसाळ्यापासून बिजागरीतून निखळलेलं आहे, हे संगमनेरातल्या सगळ्या व्यापाऱ्यांना माहीत असूनही तेच त्या खोलीत ओरडून बोलतात. (ऐकणं हा काही गुन्हा नाही.) तर पश्चिम जर्मनीतल्या एका मोटार कंपनीचे वेबर साहेब पुण्यात उतरले होते आणि लहान मालगाडी करणारा एखादा चालता-बोलता कारखाना शोधत होते, भागीदारीसाठी. धूर पाहिजे. घणाचा आवाज पाहिजे. मेलेल्या कारखान्यात त्यांना रस नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, कानिफ, एक पाहुणा धर. पण भाऊ, उपवर मुलगी घरात असल्यावर आपण एकाच स्थळाला कळवतो का? मी दोघांनाही पत्रं टाकली. आणि चूक झाली ती इथं. दोघांनाही मी अदबीनं लिहिलं, की कधीही यावं, फक्त अमावास्या नको, बाजाराचा दिवस नको, सोमवारी शेडमधली निम्मी माणसं उपास धरतात म्हणून तो नको, आणि पौषाच्या आत यावं, कारण पौषात आमच्याकडं चांगल्या कामाला हात घालत नाहीत. इतकं वगळल्यावर पंचांगात एकच दिवस शिल्लक राहतो, हे मला दोन्ही उत्तरं हातात पडल्यावर कळलं. गेला शुक्रवार! समिती नाशिककडून, साहेब पुण्याकडून.

साळू म्हणाली, “आता एका दिवशी पोरगी आजारी पन दावा आन् नाचती पन दावा.” आम्ही तेच केलं. शेडच्या मधोमध बारदानाचा पडदा शिवला. रस्त्याकडची बाजू सरकारची. तिथलं होतं नव्हतं ते हलवलं, पाटी उलटी केली, गोरक्षानं गोठ्यातली जळमटं काठीवर गुंडाळून आणून बंद लेथवर इतकी झकास पसरली, की मलाच गलबलून आलं. बांधाकडची बाजू साहेबाची. मुलगी बघायला येणार म्हणून शेजारच्या खुर्च्या, कपबश्या आणि गालिचा आणतो, तसे आम्ही शेजारच्या वर्कशॉपांतून लेथ आणला, ड्रिल आणलं, भाता आणला आणि ते चालवणारी माणसंही आणली. वेबर साहेबांना कळवलं, की पुण्याचा मोठा रस्ता पुढं उखडलेला आहे तेव्हा बांधावरून यावं. समिती बोलायला लागली, की मागचा ठोकठोकाट थांबायला हवा. त्यासाठी गोरक्षाला लाल पंचा देऊन पत्र्यावर बसवला. एवढं सगळं जमलं, आणि आदल्या दिवशी संध्याकाळी नमुन्याच्या नंदीचं इंजिन तडकलं. ब्लॉकच गेला. त्यावर काय उपाय केला ते शेवटी लिहितो.

शुक्रवारी सकाळी साहेब आले. उंच, लालबुंद, मोठे गोड गृहस्थ. बरोबर पुण्याचा एक दुभाष्या आणि त्याचा एक सोबती. साळूनं औक्षण केलं, मी त्यांना फेटा बांधला, नारळ दिला, आणि मागच्या बाजूला असा काही घणांचा दणका उठला, की साहेबांचे डोळे चमकले. मी एकेक यंत्र दाखवतोय (दाखवताना कुठलं कुणाचं याची मलाच आठवण ठेवावी लागत होती), तोच पत्र्यावरून लाल पंचा हलला. सगळे हात थांबले. एकदम सामसूम. साहेबांनी दुभाष्याकडं पाहिलं. मी सांगितलं, की आमच्यात या वेळेला यंत्रांना घटकाभर विश्रांती देतात, देवाच्या नावानं. साहेबांनी फेटा काढून हातात धरला आणि मान खाली घालून उभे राहिले. भाऊ, मला फार लाज वाटली, पण वेळ नव्हता; मी पडद्याखालून सरपटत सरकारकडं गेलो.

तिकडं समितीचे मुख्य साहेब, चष्मा कपाळावर, जळमटांकडं बघून समाधानानं मान हलवत होते. शेजारचा कारकून लिहून घेत होता. मी चेहरा असा पाडला होता, की एका मेंबरानं मला पाण्याचा ग्लास दिला. मुख्य साहेब सांगत होते, “लिहा. कारखाना पूर्णपणे निर्जीव.” आणि त्याच क्षणी पडद्यामागून साळूचा आवाज आला. साळूचा मुहूर्त! नव्या गाडीची पूजा साहेबांच्या हातून करायची आणि चाकाखाली लिंबं चिरडायची, हे तिनं आठ दिवसांपासून धरून ठेवलं होतं, आणि गुरुजींनी दिलेली वेळ टळत चालली होती. शेडमधला पोरगा रंगनाथ हळू आवाजात तिला सांगत होता, “काकी, पंचा हाय अजून. सरकार हाय पल्याड.” त्यावर साळू म्हणाली, आणि ती किती हळू बोलते ते तुम्हाला माहीत आहे: “सरकार थांबंल. मुहूर्त न्हाई थांबायचा. फिरीव हँडल!”

रंगनाथानं हँडल मारलं. इंजिन पहिल्याच फटक्याला सुरू झालं. (इंजिन कोणतं, ते येतंच आहे.) साहेब फेटा परत चढवून, कपाळावर बोटभर कुंकू लावून बसले होते. दुभाष्यानं सांगितलं, हळूच पुढं न्या, लिंबावरून गेलं की झालं. नंदी लिंबावरून गेला. आणि मग साहेबांनी, जगातल्या सगळ्या मोटारवाल्यांसारखा, थांबायला पाय दाबला. पायाखाली नुसता पत्रा. त्यांनी जोरात दाबला. नंदी आपला डोलत डोलत पुढं. बारदानाचा पडदा टर्रकन फाटला आणि आमच्या निर्जीव कारखान्यात, निम्मं बारदान अंगावर पांघरलेला, फेटा बांधलेला, कुंकू लावलेला एक जर्मन धडधडत शिरला. मागं आरतीचं ताट सावरत साळू, तिच्या मागं उसने आणलेले सगळे कारागीर. मुख्य साहेब जागचे हलेनात. पत्र्यावरून गोरक्ष जीव तोडून ओरडला, “कासरा वढा, सायेब, कासरा वढा!” साहेबांना मराठी कशाची कळणार, पण आवाजातला गाडीवान कळला असावा. समोर लोंबणारी दोरी त्यांनी दोन्ही हातांनी ओढली. नंदी मुख्य साहेबांच्या बुटांपाशी थांबला आणि एकदा मान डोलावून गप्प उभा राहिला. इंजिन मात्र चालूच.

माझ्या मनात आलं, कानिफ, संपलं. गोरक्ष उसाला जाणार, मी परत चाकांना धावा बसवणार. दोघांपुढंही खोटा पडलो होतो. पण आपल्याला देवानं रूप दिलं नाही, शिक्षण दिलं नाही, फक्त कान दिले आहेत, ते त्या घटकेला कामाला आले. डावीकडं मुख्य साहेब शेजारच्या मेंबराच्या कानाशी लागले होते, “बघितलंत? आपल्या आधी परदेशी माणूस येऊन बसलाय. आजारी कारखाना बघून घशात घालायचा डाव आहे. हा हातचा जाता कामा नये.” उजवीकडं दुभाष्या मला ऐकू येईल अशा बेतानं त्याच्या पुण्याच्या सोबत्याला सांगत होता, की साहेब म्हणतात, सरकार स्वतः मोटारी घेऊन दारात आलंय, म्हणजे या गाडीत काहीतरी आहे, आपण उशीर करता कामा नये. भाऊ, अशा वेळी शहाण्या मुलीच्या बापानं काय करायचं असतं? काही नाही. मी चहा सांगितला.

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. एकाच बैठकीत दोन स्थळं! मुख्य साहेब म्हणाले, पत्रा आम्ही देऊ. वेबर साहेब म्हणाले, साचे आम्ही देऊ. मुख्य साहेब म्हणाले, परवाना आम्ही मिळवून देऊ. वेबर साहेब म्हणाले, आमची माणसं शिकवायला येतील. मी दोन्हीकडं फक्त कपबश्या पुढं करत होतो. जळमटांचं आणि पंच्याचं कुणी विचारलंच नाही. दोघांनाही वाटत होतं, की ही व्यवस्था दुसऱ्याला फसवायला केलेली असणार. कारकुनानं तेवढं विचारलं, की ‘पूर्णपणे निर्जीव’ याचं काय करू? मुख्य साहेबांनी नंदीकडं पाहून ‘बरा होण्याजोगा आजारी’ असं करवून घेतलं. कासऱ्याच्या ब्रेकवर तर वेबर साहेब इतके खूश झाले, की तीन वेळा शेडला फेरी मारून दर वेळी नवीन ठिकाणी थांबले. ड्रायव्हरला शिकवावंच लागत नाही, म्हणाले. (पुण्याचे इंजिनियर आठवा.) शेवटी ठरलं ते असं: सरकार हात देणार, जर्मन भाग घेणार, पण दिल्लीच्या नव्या कायद्याप्रमाणं पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहायचं, घरजावई व्हायचं नाही, मोठा वाटा देशी पाहिजे. आणि नमुन्याचा नंदी तपासायला साहेब लगेच बरोबर घेऊन जाणार. ट्रक त्याच संध्याकाळी आला.

शेडमध्ये त्या दिवसापासून कुणाचा पाय जमिनीवर नाही. गोरक्षानं उसाच्या टोळीचा निरोप परत पाठवला. पाटी सुलटी केली. साळूनं सगळ्या आळीला पुरणपोळी घातली. तुम्ही हवे होतात.

तुमचा नम्र साडू,
कानिफनाथ

ता. क. इंजिनाचं राहिलं. आदल्या संध्याकाळी नंदीचं तडकलं तेव्हा शेडमध्ये त्याच मापाचं, त्याच जातीचं, नव्या रिंगा घातलेलं एकच इंजिन होतं. एका दिवसापुरतं बसवलं. वेबर साहेबांनी इंजिनावरचं टोपण काढून त्याच्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. म्हणाले, गाडीत आम्ही पुष्कळ बदलू, पण इतकी वर्षं पाणी ओढून हे असं बोलतं, तर पहिलं मला हे घेऊन जाऊ द्या. ते आता बोटीवर आहे. सुएझचा कालवा बंद असल्यानं बोट आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून जाते, तेव्हा परतायला थोडा उशीर होईल. सासऱ्यांनी तुम्हाला इंजिन दिलं आणि मला मनगटी घड्याळ (जे अखेरपर्यंत त्यांच्याच मनगटावर राहिलं), याचं मला कधी वाईट वाटलं नाही. उगाच तसा अर्थ काढू नये.

ता. क. २. गहू वाळू देणार नाही. हे पत्र घेऊन गोरक्ष आलेला आहे तो दुसरा, अर्धवट जोडलेला नंदी घेऊन. शुक्रवारनंतर उधारीवर इंजिन मिळालं, आणि आम्ही तो रात्रीचा दिवस करून पुरा केला. रंग तेवढा राहिला. विहिरीवर उभा करून मागचं चाक उचलून पट्टा चढवला, की पाणी ओढतो. पाणी धरून झालं, की चाक खाली ठेवून त्याच्यातच पेरू घालून बाजाराला जावं. इंजिन परत येईपर्यंत तो तुमचा, आणि आलं नाही तरी तुमचाच.

ता. क. ३. हे आक्कांना.
आक्का, भाऊंच्या डोळ्याला पट्टी आहे, तेव्हा पहिल्या ओळीपासून हे पत्र तुम्हीच वाचताय, हे मला माहीत आहे. म्हणून तर इंजिनाचं शेवटी ठेवलं. आधी लिहिलं असतं तर पत्र चुलीत गेलं असतं आणि गोरक्ष उपाशी. (त्याला आधी चहा द्यावा, शिव्या नंतर.) मला खरं विचारायचंय ते तुम्हालाच. मोठा वाटा देशी पाहिजे म्हणून समितीनं विचारलं, की देशी भांडवल काय? माझी शेड गहाण आहे, दाखवायला काही नाही. जे आहे ते बोटीवर आहे, आणि ते भाऊंचं नाही, तुमचं आहे. तुमच्या वडिलांनी ते तुमच्या नावानं दिलं होतं. ‘सहादेव पाटील’ हे त्यांचं पांढऱ्या रंगातलं नाव मी पुसू दिलं नाही, तसंच चाललंय जर्मनीला. तर देशी भागधारक म्हणून मी सौ. छबूबाई असं सांगून बसलोय. तुम्ही हो म्हणालात तर शेड उभी राहते. नाही म्हणालात तर मी तार करून इंजिन अर्ध्या वाटेवरून माघारी बोलावीन, आणि एका शब्दानं कुरकुर करणार नाही. गोरक्षाजवळ संमतीचा कागद आहे. पेन शोधत बसू नका. दसऱ्याला तुम्ही इंजिनावर कुंकवाची बोटं उमटवली होतीत, ती पाहून साहेबांनी विचारलं होतं, ही खूण कशाची? मी सांगितलं, आमच्याकडं यंत्र पास झालं की घरची कर्ती बाई ही खूण करते. काल मुंबईहून त्यांची तार आली, की यापुढं प्रत्येक नंदीवर ती हवी. तेव्हा कागदावर कुंकवाचं एक बोट उमटवलंत तरी पुरे. ते जर्मनीत चालतं.